आधी हवा, मग गॅस: नागपूरच्या घरात डक्टेबल एसीचे भाग एकमेकांच्या जोरावर कसे चालतात

मे महिन्यात भरदुपारी एसी थंड करेनासा झाला की निदान ठरलेलं असतं: ‘गॅस कमी झालाय’. सिलिंडर येतो, गॅस मारला जातो, बिल होतं आणि चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. गॅस बंद नळ्यांमध्ये गोल फिरत असतो, तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. खरोखर कमी झाला असेल तर तो कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरणं म्हणजे पैसे वाया. पण त्याआधी बघायची गोष्ट वेगळीच आहे. सेंट्रल एसीत तक्रार एका भागात दिसते आणि कारण दुसऱ्याच भागात असतं. ते कारण शोधायची सुरुवात हवेपासून करायची, गॅसपासून नाही.

इथे घरगुती ‘सेंट्रल’ म्हणजे डक्टेबल स्प्लिट धरला आहे: गच्चीवर आउटडोर, फॉल्स सीलिंगमध्ये लपलेला एक इनडोर आणि तिथून प्रत्येक खोलीत जाणारे पत्र्याचे डक्ट.

कोण काय करतो

इनडोरमधला ब्लोअर घरातली गरम हवा रिटर्न ग्रिलमधून ओढतो. फिल्टरमधून गाळली जाऊन ती थंड कॉइलवरून जाते आणि डक्टमधून खोल्यांत पडते. कॉइलमधला द्रवरूप गॅस साधारण ५ ते ७ अंशांवर उकळतो आणि उकळताना हवेतली उष्णता घेतो. ही वाफ कॉम्प्रेसर ओढून दाबतो. दाब वाढला की तापमान वाढतं, आणि ते बाहेरच्या हवेपेक्षा जास्त झालं तरच उष्णता बाहेर टाकता येते. बाहेर ४५ अंश असतील तर आउटडोरच्या कंडेन्सर कॉइलमधला गॅस ५७ ते ६० अंशांवर द्रव होतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेतून सुटतो, दाब एकदम पडतो आणि थंडगार होऊन तो पुन्हा इनडोर कॉइलमध्ये शिरतो.

म्हणजे कॉम्प्रेसर थंडी तयार करत नाही. तो घरातली उष्णता उचलून गच्चीवर नेऊन टाकतो. घरातली हवा कमी वाहिली तर उचलायला उष्णता मिळत नाही. गच्चीवरची हवा अडली तर टाकायला जागा मिळत नाही. पुढचे जवळपास सगळे बिघाड या दोनपैकी एका खात्यात जातात.

आकड्यांत बोलायचं तर १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण ३.५ किलोवॅट उष्णता. पेटीवर लिहिलेला हा टन बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि नवतपात (मेअखेरचे नऊ तापते दिवस) पंचेचाळीस बऱ्याच वर्षी गाठले जातात. त्या तापमानाला त्याच मशीनची क्षमता दहा-पंधरा टक्के घटते आणि वीज मात्र जास्त लागते. म्हणून मशीन घेताना विक्रेत्याकडून ४६ अंशांवरची क्षमता लेखी मागा. जागतिक मानकांत उष्ण प्रदेशासाठी हीच अट ‘टी-३’ नावाने आहे.

हवेचा हिशोब

एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते, म्हणजे ४०० सीएफएम. उदाहरण घेऊ: वरच्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट, एसीखालचं क्षेत्र सुमारे ६३० चौरस फूट, स्लॅबवर उष्णतारोधक थर दिलेला, मशीन ४ टन. एकूण हवा १,६०० सीएफएम. हॉलला ७०० आणि प्रत्येक बेडरूमला ३००. (स्लॅब उघडा असेल, पश्चिमेला मोठी काच असेल तर टन वाढतो. चौरस फुटांवरून टन काढणं हा अंदाज आहे, हिशोब नाही.)

मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला ८०० फुटांच्या आसपास ठेवला तर आवाज आणि दाब दोन्ही आटोक्यात राहतात. १,६०० भागिले ८०० म्हणजे २ चौरस फूट, म्हणजेच २८८ चौरस इंच. म्हणून मुख्य डक्ट २४ बाय १२ इंच. बेडरूमच्या फाट्यात वेग ५५० धरला तर ३०० सीएफएमसाठी ७९ चौरस इंच लागतात, म्हणजे १० बाय ८.

खरी भांडणं इथेच होतात. १२ इंचांचा डक्ट, वर-खाली इन्सुलेशन आणि हँगर मिळून फॉल्स सीलिंग १५-१६ इंच खाली येतं. इंटिरिअरवाल्याला ते खुपतं आणि तो डक्ट ‘थोडा चपटा’ करायला सांगतो. ३२ बाय ९ केला तर क्षेत्रफळ तेच २८८ राहतं, पण पत्र्याचा घेर ७२ वरून ८२ इंच होतो. घर्षण वाढतं, पत्रा जास्त लागतो, उष्णताही जास्त शिरते. इतपत चालेल. रुंदी उंचीच्या चौपटीपुढे गेली की मात्र ब्लोअरचा दम निघतो. इनडोर घेताना त्याचा स्टॅटिक दाब, म्हणजे डक्टच्या अडथळ्यातून हवा ढकलण्याचा जोर, नक्की विचारा. लो-स्टॅटिक मशीन साधारण १० ते ५० पास्कलपर्यंतच ढकलतं. ते लहान डक्टसाठी आहे. चार खोल्यांचा डक्ट, चार वळणं, ग्रिल आणि फिल्टर एवढं सगळं त्याला झेपत नाही, आणि मग शेवटची बेडरूम वर्षानुवर्षं गरम राहते. त्या खोलीसाठी गॅस भरून काहीही होणार नाही.

डक्टचे सांधे सीलंट लावून बंद केलेले हवेत. सेलोटेप किंवा साधी ॲल्युमिनियम पट्टी दोन उन्हाळ्यांत सुटते आणि तुमची थंड हवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत जात राहते. तपासायला सोपं आहे: ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून फॉल्स सीलिंगमधल्या सर्व्हिसच्या झाकणातून हात घाला आणि सांध्यांवरून फिरवा. झुळूक लागली तर गळती आहे.

परतीची वाट

सप्लाय ग्रिलवर सगळ्यांचं लक्ष असतं, रिटर्नवर कोणाचंच नसतं. १,६०० सीएफएम घरात सोडायचे तर तेवढेच परत यायला हवेत. फिल्टर असलेल्या रिटर्न ग्रिलवर वेग ३०० च्या आसपास ठेवला तर ग्रिल सव्वापाच चौरस फुटांचं लागतं. दिसायला नको म्हणून ते दोन बाय एक फुटांचं ठेवलं जातं आणि मग रात्रभर घोंघाट.

दुसरा दोष बंद दारांचा. रिटर्न पॅसेजमध्ये एकच असेल आणि बेडरूमचं दार लावलं, तर ३०० सीएफएम हवा दाराखालच्या फटीतून परत यायची. तीन फुटी दाराखाली एक इंच फट म्हणजे फक्त पाव चौरस फूट. तिथून हवा १,२०० फुटांच्या वेगाने निघायला बघते, शिट्टी वाजते आणि प्रत्यक्षात एवढी हवा निघतच नाही. खोलीत दाब वाढतो आणि नवीन थंड हवा येणं कमी होतं. ‘दार उघडं ठेवलं की थंड होतं’ ही तक्रार ऐकली की कारण हेच समजा. उपाय: दाराच्या वर किंवा भिंतीत १८ बाय १२ इंचांचं ट्रान्स्फर ग्रिल, म्हणजे हवा पॅसेजमध्ये जाऊ देणारी जाळी. पाहायचं असेल तर दार बोटभर उघडं सोडा. एसी चालू असताना ते आपोआप बाहेरच्या बाजूला सरकत असेल, तर आत दाब साठतोय.

न वापरलेल्या खोलीचं डँपर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) बंद करण्याची सवयही जपून वापरा. एका वेगाच्या मशीनवर एक खोली बंद केली तर चालून जातं. दोन बेडरूम बंद केल्या की कॉइलवरून ४०० ऐवजी २५० सीएफएम प्रति टन जायला लागतात, कॉइल शून्याखाली जाते आणि बर्फ धरते. रोज रात्री एकच खोली वापरणार असाल तर ४ टनांचं एक मशीन घेण्यापेक्षा २ टनांची दोन घ्या, किंवा इन्व्हर्टर मशीनसोबत मोटर लावलेले झोन डँपर बसवा.

कूलर आणि एसी एकाच घरात

नागपुरात हे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हॉलमध्ये कूलर आणि बेडरूममध्ये एसी, अशी वाटणी बऱ्याच घरांत असते. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. त्यातून कूलरचा ओलावा पॅसेजमधल्या रिटर्न ग्रिलने ओढला तर एसीला त्या वाफेचं पुन्हा पाणी करत बसावं लागतं. तासाला ५ लिटर पाणी हवेतून काढायला जवळपास १ टन क्षमता खर्ची पडते, आणि हॉलचा मोठा कूलर एवढं पाणी सहज उडवतो. ४ टनांतला एक टन असाच गेला. दोन्ही ठेवायचे असतील तर मधलं दार घट्ट बंद हवं आणि रिटर्न एसीच्या बाजूलाच हवा.

आउटडोर: गच्चीवरची जागा

मशीनची जागा कठड्याच्या कोपऱ्यात पकडली जाते, कारण दिसत नाही. तिथेच गरम हवा कोंडते आणि मशीन स्वतःचीच टाकलेली हवा पुन्हा ओढतं. मागे किमान १ फूट आणि हवा फेकण्याच्या दिशेला ४-५ फूट मोकळे ठेवा. पंखा वर तोंड करून असेल तर डोक्यावर तेवढीच जागा मोकळी हवी. सावली द्यायची तर उंच द्या. दीड फुटावर ठोकलेला पत्रा सावलीपेक्षा नुकसान जास्त करतो.

कॉइलवर ओली खसची ताटी बांधणं किंवा पाइपने सतत पाणी मारणं टाळा. बोअरचं पाणी क्षारांचं असतं. ते ॲल्युमिनियमच्या फिन्सवर (कॉइलच्या पातळ पात्यांवर) वाळून पांढरा थर धरतं आणि पुढच्या वर्षी मशीन आणखी तापतं. ताटीने हवा अडते ती वेगळीच.

कॉइल धुण्याची पद्धत अशी: मेन बंद करा, जाळी आणि पंख्याचं झाकण काढा, पाणी आतून बाहेर मारा म्हणजे धूळ आली त्याच वाटेने निघेल. धार हलकी ठेवा, कार धुण्याचा प्रेशर पंप फिन्स दुमडून टाकतो. मार्चच्या शेवटी एकदा आणि नवतपाआधी एकदा. शेजारी बांधकाम सुरू असेल तर दर महिन्याला.

न धुतलेल्या मशीनची खूण ठरलेली आहे: दुपारी दोन-तीनला बंद पडतं, संध्याकाळी सहा-सातला पुन्हा चालू केलं की चालतं. आर-४१०ए गॅसचं कंडेन्सिंग तापमान, म्हणजे तो द्रव होण्याचं तापमान, ६० असताना दाब ५४० पीएसआयच्या आसपास असतो, ६५ ला ६०० च्या वर जातो. हाय-प्रेशर स्विच मशीनप्रमाणे ६०० ते ६५० च्या पट्ट्यात उडतो. म्हणजे नुसती धूळ आणि कोंडलेली हवा एवढंच कारण त्याला पुरतं.

मेमध्ये पाइपला घाम येत नाही

गॅस बरोबर भरला का, हे ओळखण्याची जुनी पद्धत म्हणजे जाड, परतीच्या पाइपवर हात ठेवायचा. घाम आला म्हणजे गॅस बरोबर. ही पद्धत ऑगस्टमध्ये चालून जाते, मेमध्ये दगा देते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू १२ अंशांच्या आसपास असतो. तो जाड पाइपही साधारण १० ते १२ अंशांवरच असतो. म्हणजे मशीन अगदी ठीक असूनही पाइप कोरडा राहू शकतो. मेकॅनिक घाम यायची वाट बघत गॅस मारत राहतो आणि मशीन ओव्हरचार्ज होतं. आधीच वर असलेला बाहेरचा दाब आणखी चढतो आणि दुपारची ट्रिपिंग सुरू होते. मग पुन्हा फोन.

गॅस तपासायचा तर दाबासोबत पाइपचं तापमानही मोजायला लावा. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असलेल्या मशीनमध्ये आउटडोरजवळच्या बारीक, द्रवाच्या पाइपचं तापमान कंडेन्सिंग तापमानापेक्षा ५-६ अंशांनी कमी हवं, यालाच सबकूलिंग म्हणतात. परतीच्या पाइपवर सुपरहीट, म्हणजे गॅसच्या उकळण्याच्या तापमानापेक्षा पाइप जितका गरम तो फरक, ५ ते ८ अंश. सबकूलिंग १२-१५ वर गेलं आणि दाब चढलेला असेल तर गॅस जास्त आहे. सबकूलिंग जवळपास शून्य आणि सुपरहीट खूप जास्त असेल तरच गॅस कमी आहे. हे सगळं फिल्टर आणि दोन्ही कॉइल स्वच्छ झाल्यावर मोजायचं, आधी मोजलेल्या आकड्यांना अर्थ नसतो.

नवीन जोडणी करताना चार गोष्टी स्वतः समोर उभं राहून करून घ्या:

१. पाइप ब्रेझिंग करताना (टॉर्चने तापवून सांधताना) आतून नायट्रोजनची हलकी धार चालू हवी. नाहीतर आत काळी पापुद्री धरते आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते.

२. कंपनीने सांगितलेल्या दाबावर नायट्रोजन भरून २४ तास ठेवणे. इथे एक खुबी आहे: समजा दुपारी ४० अंशांत ५०० पीएसआयवर भरला आणि पहाटे २८ अंशांत काटा पाहिला, तर गळती नसतानाही तो जवळपास २० पीएसआयने उतरलेला दिसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा.

३. व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे उरलेल्या दाबाचं माप) हवा काढायची. पंप बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आकडा हजाराच्या आत राहिला पाहिजे. नुसता गॅस सोडून ‘एअर काढली’ म्हणणाऱ्याला थांबवा.

४. आर-४१०ए मिश्र गॅस आहे, तो द्रव रूपातच भरायचा. आर-३२ एकटा घटक आहे, पण हलका ज्वलनशील आहे. तिथे गॅस काढून टाकल्याशिवाय टॉर्च पेटवू नये.

आउटडोर गच्चीवर आणि इनडोर खाली असेल तर कॉम्प्रेसरचं तेल चढ चढून परत यायला हवं. त्यासाठी जाड पाइपच्या तळाशी यू-आकाराचा ट्रॅप देतात, उंची जास्त असेल तर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मधेही. पाइपवरचं काळं नायट्राइल इन्सुलेशन गच्चीवरच्या उन्हात दोन-तीन वर्षांत भुगा होतं, त्यावर ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग (पत्र्याचं आवरण) सुरुवातीलाच करून घ्या.

वीज

४ टनांचं मशीन भर उन्हाळ्यात ५ किलोवॅटच्या आसपास ओढतं, म्हणून ते बहुतेक थ्री-फेजवर येतं. स्क्रोल कॉम्प्रेसरला फेजचा क्रम महत्त्वाचा. मीटर बदलताना किंवा केबल जोडताना दोन फेज अदलाबदल झाले तर तो उलटा फिरतो, मोठा खडखडाट करतो, पण दाब काही बनत नाही. लगेच बंद करा, बराच वेळ उलटा चालला तर जळतो. फेजचा क्रम चुकला किंवा एखादा फेज गेला की मशीन बंद करणारा फेज-सिक्वेन्स आणि सिंगल-फेजिंग रिले स्वस्त असतो, तो हवाच.

पंख्याचे कपॅसिटर उन्हाने कमकुवत होतात. ६ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ५.४ च्या खाली मोजला गेला तर बदला. पंखा हळू फिरतो, दाब चढतो, मशीन ट्रिप होतं आणि दोष पुन्हा गॅसवर जातो.

थर्मोस्टॅट

तो रिटर्न हवेच्या वाटेत हवा. पश्चिमेच्या भिंतीवर, टीव्हीच्या वर किंवा सप्लाय ग्रिलसमोर नको. सेटिंग २४ ठेवा. १८ वर ठेवल्याने घर लवकर थंड होत नाही, फक्त मशीन थांबत नाही. पावसाळ्यात ब्लोअर ‘ऑटो’वर ठेवा. ‘ऑन’वर असेल तर कॉम्प्रेसर थांबल्यावरही हवा ओल्या कॉइलवरून जाते आणि काढलेला ओलावा परत घरात येतो.

बिघाड शोधायचा क्रम

फिल्टर काढा, उजेडासमोर धरा. धुळीच्या दिवसांत तो दर आठवड्याला धुवा. मग फिल्टर पूर्ण कोरडा करून बसवा, मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या आणि रिटर्न व सप्लाय ग्रिलवर थर्मामीटर लावा. फरक मेच्या कोरड्या हवेत १२ ते १४ अंश, जुलै-ऑगस्टमध्ये ९-१० अंश येतो. म्हणजे पावसाळ्यात ‘पूर्वीसारखी गार हवा येत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा बिघाड नसते. क्षमतेचा मोठा वाटा पाणी काढण्यात जात असतो.

फरक भरपूर पण खोली गरम, तर हवा कमी आहे: डक्ट, डँपर, रिटर्न, ब्लोअरवरची धूळ पाहा. फरक कमी आणि हवा जोरात, तर गच्चीवर जा: पंखा फिरतोय का, कॉइल स्वच्छ आहे का, बाहेर पडणारी हवा भोवतालपेक्षा ८-१२ अंशांनी गरम लागते का. बाहेरची हवा गरमच लागत नसेल तर कॉम्प्रेसर चालू नाही किंवा दाबत नाही. हे सगळं ठीक असेल तरच गेज लावा. कॉइलवर बर्फ दिसला तर कॉम्प्रेसर बंद करून नुसता ब्लोअर दोन-तीन तास चालवा. बर्फ खरवडू नका, कॉइलला भोक पडतं.

पाणी, जे जुलैपर्यंत दिसत नाही

एप्रिल-मेमध्ये बसवलेल्या मशीनचा ड्रेन तपासलाच जात नाही, कारण पाणी फारसं निघतच नाही. तेच ४ टनांचं मशीन पावसाळ्यात सलग चाललं तर तासाला ५-६ लिटर काढतं. ड्रेन पाइपला मीटरमागे १० मिलीमीटर उतार हवा आणि कॉइलखालच्या ट्रेजवळ ५०-७५ मिलीमीटरचा पाण्याचा ट्रॅप. ब्लोअर कॉइलमधून हवा ओढत असतो, त्यामुळे ट्रेवर उणा दाब असतो. ट्रॅप नसेल तर पाइपमधून उलटी हवा आत येते, पाणी ट्रेमध्येच चढतं आणि फॉल्स सीलिंगवर पिवळा डाग पडतो. ट्रॅप असला तरी उन्हाळ्यात तो सुकतो. म्हणून मृगाच्या आधी ट्रेमध्ये दोन-तीन लिटर पाणी ओता, ब्लोअर चालू ठेवा आणि बाहेरच्या टोकाला तेवढंच पाणी येतं का ते पाहा. ट्रेखाली फ्लोट स्विच (पाणी चढलं की मशीन बंद करणारा) असलेली दुसरी ट्रे बसवली असेल, तर त्याच वेळी फ्लोट हाताने उचलून मशीन बंद होतंय का तेही तपासून घ्या.